एका नॉबपायी पाच गिटारी

मी जुन्या विलायती गिटारींचा संग्राहक आहे, असं आमच्या सोसायटीत आणि ऑफिसात बोललं जातं. ते साफ खोटं आहे. मला फक्त एक नॉब हवा होता.

झालं असं, की बायकोने मला कपाट आणायला पाठवलं होतं. आमच्या ऑफिसमागच्या गल्लीतलं एक जुनं हॉटेल बंद पडलं होतं आणि त्याच्या सामानाचा लिलाव होता. मी विमा कंपनीत नोकरी करतो. लोकांचे दावे का नामंजूर झाले हे त्यांना गोड भाषेत कळवणं हे माझं काम. त्यामुळे कुठल्याही कागदावरचा बारीक मजकूर वाचायची मला सवय आहे. पण लिलावात माणूस तोंडी ओरडतो, आणि तोंडी बारीक मजकूर वाचता येत नाही. "कपाट, आहे तसं, आतल्या सामानासकट!" असं तो ओरडला आणि मी हात वर केला. आतलं सामान म्हणजे चार हँगर आणि डांबराच्या गोळ्या असतील, असं मी धरून चाललो.

कपाट आमच्या जिन्याच्या वळणावर अडकलं. आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे फ्यूजकाका मदतीला आले. काका वीज खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि जगातली प्रत्येक अडचण ही मुळात वायरिंगची अडचण असते अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी कपाट सगळ्या बाजूंनी तपासलं आणि म्हणाले, "अरे, हे जिना बांधायच्या आधी आणायला हवं होतं."

शेवटी सुताराला बोलावून ते जिन्यातच कापावं लागलं. सुताराने कुलूपबंद कप्पा उघडला, तेव्हा आत टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेली एक तांबडी इलेक्ट्रिक गिटार निघाली. कपाटाच्या फळ्या खाली गेल्या, गिटार वर आली. बायकोने दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, गिटारीकडे बघितलं.

"कपड्यांच्या घड्या हिच्यात कशा ठेवायच्या?" तिने विचारलं.

खरं तर मी ती गिटार दुसऱ्या दिवशी कुणाला तरी देऊनच टाकणार होतो. पण तिच्याबद्दल जरा माहिती काढायला गेलो आणि फसलो. ती निघाली विलायतेत बनलेली, माझ्या जन्माच्या आधीची. महायुद्धानंतर बरीच वर्षं त्या देशात अमेरिकन गिटारी आणायला बंदी होती. पोरांना तर इलेक्ट्रिक गिटार हवी होती. मग तिथल्या सुतारांनी, रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी, फर्निचरच्या कारखानेवाल्यांनी फोटो बघून बघून आपल्याच गिटारी बनवायला घेतल्या. ज्याला जे येत होतं ते त्याने त्यात घातलं. फर्निचरवाल्याने ती टेबलासारखी जड केली. रेडिओवाल्याने जिथे जागा दिसेल तिथे नॉब बसवले. एका प्रकारच्या गिटारीवर तर निरनिराळ्या आवाजांसाठी कळा आहेत आणि त्यातल्या एकीवर चक्क 'जंगली कुत्रा' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द कोरलेत.

हे वाचलं आणि मला एकदम भरून आलं. शेजाऱ्याकडे आहे ते आपल्याला परवडत नाही, म्हणून घरच्या घरी तसंच करायला जायचं, ते भलतंच व्हायचं, आणि मग त्याचाच अभिमान बाळगायचा. अहो, ही तर आमच्या घरची गिटार होती! आमचा सोफा असाच झालाय.

तर त्या तांबडीला चार नॉब हवे होते आणि तीनच होते. चौथ्या जागी नुसती खुंटी उघडी पडली होती, दात पडलेल्या माणसासारखी. ती मला बघवेना. मी शोधाशोध केली, तर परदेशातल्या एका विक्रेत्याने कळवलं की तसा नॉब त्याच्याकडे आहे, पण तो एका हिरव्या गिटारीला लावलेला आहे आणि तो गिटारीसकटच विकतो.

आपण शर्टाचं बटण हवं म्हणून नवा शर्ट घेतो का? नाही घेत. मी घेतली.

गिटार आली आणि कस्टममध्ये अडकली. कस्टमच्या ऑफिसात शेजारी शेजारी दोन खिडक्या होत्या. एक 'लाकूड व फर्निचर', दुसरी 'विद्युत उपकरणे'. पहिल्या खिडकीतल्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून खोक्यात डोकावून पाहिलं.

"काय आहे हे?"

"गिटार."

"गिटारला भोक असतं."

"ही इलेक्ट्रिक आहे साहेब. हिला भोक नसतं."

"मग आवाज कुठून येतो?"

"वायरीतून."

"मग विजेचं उपकरण. शेजारची खिडकी."

शेजारच्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी गिटार उलटी केली, सुलटी केली. "हिचा प्लग कुठे आहे?"

"हिला प्लग नसतो मॅडम. प्लग अ‍ॅम्प्लिफायरला असतो. तो वेगळा."

"मग अ‍ॅम्प्लिफायर हे उपकरण. हे नुसतं लाकूड. शेजारची खिडकी."

मी त्या दोन खिडक्यांमध्ये इतक्या फेऱ्या मारल्या की रांगेतल्या लोकांना मी तिथलाच शिपाई वाटायला लागलो. दोघांनी तर मला फोटोकॉपी काढायला कागद दिले. काढून आणल्या. शेवटी एक वरिष्ठ साहेब बाहेर आले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोपं आहे. वाद्य असेल तर वाजवून दाखवा."

आता मला गिटार वाजवता येत नाही. तोपर्यंत ही गोष्ट कुणाला कळायचं कारण नव्हतं. मी सगळ्या रांगेसमोर गिटार गळ्यात घातली आणि एक तार छेडली. अ‍ॅम्प्लिफायर नसला की इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज म्हणजे रबरबँड ताणल्यासारखा. साहेबांनी कान पुढे केला. मी परत छेडली. साहेबांनी टेबलाचा खण ओढून दाखवला. तो करकरला.

"आमचा खण जास्त वाजतो," ते म्हणाले. रांग हसली.

मग लाकूड कुठलं, हा प्रश्न निघाला. काही जातींच्या लाकडाला परवानगी लागते म्हणे. वनखात्याचा दाखला आणा. कस्टमचा शिपाई सोबत घेऊन गिटारीसकट वनखात्यात गेलो, तर तिथल्या साहेबांनी विचारलं, "झाड कधी तोडलं?"

"माझ्या जन्माआधी."

"तोडताना परवानगी घेतली होती?"

"मी नव्हतो साहेब तिथे."

त्यांनी गिटारीच्या मानेवरच्या काळसर पट्टीचा वास घेतला, डोळे मिटून परत घेतला, आणि दाखल्यावर लिहिलं: 'वास शिसवीचा. खात्रीने सांगता येत नाही.' तो दाखला पाहून कस्टमने गिटार सोडली, पण कुठल्या नावाखाली? 'शोभेची लाकडी वस्तू, न वाजणारी.' माझा इतका नेमका अपमान आजवर कुणी केला नव्हता.

घरी येऊन नॉब काढला. तो तांबडीला बसेना. प्रत्येक कारखान्याचं माप वेगळं! शिवाय हिरवीची स्वतःची दांडी गायब होती. ही दांडी म्हणजे काय, तर तारा जिथे खाली अडकवलेल्या असतात तिथे एक लोखंडी दांडा असतो. तार छेडून तो हलवला की सूर हेलकावे खातो. आता हिरवीला दांडी हवी, म्हणून पांढरी आणली. पांढरीची मान वाकडी निघाली, म्हणून दुसरी पांढरी बघितली, तर त्या विक्रेत्याने ती एका काळीबरोबर जोडीनेच द्यायची म्हटली. अशा पाच झाल्या. नॉब अजून मिळाला नव्हता. यात संग्रह करायचा हेतू कुठे दिसतो, तुम्हीच सांगा.

फ्यूजकाकांना काळजी वेगळीच होती. "अरे, जुन्या वायरी आहेत. अर्थिंगचा पत्ता नाही. एक दिवस हात चिकटेल आणि तसाच बसशील," ते म्हणाले. त्यांच्या आग्रहाखातर मी पायात रबरी चपला आणि डाव्या हातात भांडी घासायचा रबरी मोजा घालून सराव करू लागलो. माझी प्रगती का होत नाही, हे कोडं त्यामुळे निदान बायकोला तरी उरलं नाही.

अशात सासरे आमच्याकडे राहायला आले.

सासरे म्हणजे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. ताठ कणा, ताठ कॉलर, आणि बोलणं मोजकं. लग्न झाल्यापासून आमच्या दोघांत झालेलं एकूण संभाषण म्हणजे, "बरंय ना?" "बरंय." सासूबाई गेल्यावर ते एकटेच राहत होते. एकदा स्वयंपाकघरात पडले, तेव्हा बायकोने त्यांचं काही ऐकलं नाही आणि सरळ घेऊन आली. त्यांचा उजवा हात हल्ली थरथरायचा. ते तो सतत खिशात ठेवायचे. चारचौघांत जेवायचे नाहीत, पेपरही टेबलावर पसरूनच वाचायचे.

"बाबांच्या हाताबद्दल काही बोलू नका हं," बायकोने मला बजावलं.

"अगं, मी त्यांच्याशी बोलतोच कधी?"

त्यांना खोली द्यायची ती एकच होती, गिटारींची. पलंगाभोवती पाच गिटारी उभ्या, मध्ये अ‍ॅम्प्लिफायर. सासऱ्यांनी दारातून नजर फिरवली. मुख्याध्यापकाला एका नजरेत हजेरी घेता येते. "पाच," ते म्हणाले आणि आत गेले. पहिल्याच दिवशी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला काळी गिटार लागली. ते तिला 'सॉरी' म्हणाल्याचं मी ऐकलं.

आता एका तांत्रिक गोष्टीचा खुलासा करतो. या जुन्या गिटारींच्या आतल्या वायरी उघड्या असतात आणि हवेतून जाणारं काहीही पकडतात. आमच्या समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एका टॅक्सी कंपनीच्या वायरलेसचा खांब आहे. अ‍ॅम्प्लिफायर चालू राहिला आणि हिरवी त्याला जोडलेली असली, की कधी कधी त्यातून कंपनीच्या बाईंचा आवाज यायचा. मला त्याची सवय झाली होती. सासऱ्यांना सांगायला मी विसरलो, आणि एका सकाळी गिटार बंद करायलाही.

त्याच दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर सोसायटीच्या फाटकाशी सासरे बसलेले. बॅगेवर. कोट घातलेला, बूट पॉलिश केलेले, हात खिशात.

"बाबा, इथे का बसलात?"

"गाडी येतेय. उशीर झालाय तिला."

"कुठली गाडी?"

"तिने सांगितलं ना. काकांना सांगा, गाडी खाली उभी आहे, सामान घेऊन लवकर या."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या खोलीतल्या बाईने."

वर गॅलरीत फ्यूजकाका झाडांना पाणी घालत होते. त्यांची झारी थांबली. पाणी मात्र थांबलं नाही. ते सरळ माझ्या डोक्यावर पडत राहिलं. मी घाईघाईने म्हणालो, "बाबा, खोलीत कुठलीच बाई नाही!" हे वाक्य मोठ्याने म्हटलं की जास्तच वाईट ऐकू येतं.

सासरे उठले. माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत म्हणाले, "जावईबापू, मी अडचण होतो हे मला कळतं. पाच गिटारींत मी सहावा. तुम्ही स्वतः सांगितलं असतं तरी गेलो असतो. बाईंकडून निरोप कशाला पाठवायचा?"

आयुष्यभर स्पीकरवरून सूचना दिलेला माणूस. स्पीकरवरून सूचना आल्यावर त्याने ती निमूट पाळली होती. दावे नामंजूर करण्याची माझ्याकडे खूप वाक्यं आहेत. 'तुम्ही आम्हाला हवे आहात' असं सांगणारं एकही नाही. मी त्यांची बॅग उचलली आणि म्हणालो, "बाबा, चला वर. ती बाई कोण ते दाखवतो."

फ्यूजकाकाही त्यांच्या मजल्यापासून आमच्या मागे आले. त्यांनाही ती बाई बघायची होती.

मी अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज वाढवला, हिरवी त्याला जोडलेलीच होती. जरा खरखर झाली आणि बाई बोलल्या, "बावीस नंबर, काका अजून आलेच नाहीत का?" सासऱ्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग लाज, मग ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मुख्याध्यापक हसताना मी प्रथमच पाहिले. ते हसू त्यांनी पटकन आत घेतलं, वर्गात कुणी पाहील म्हणून.

"म्हणजे कुणीतरी काका खरोखरच उशीर करतायत," ते म्हणाले. "हे मुलीला सांगू नका."

"नाही सांगत."

"काका, तुम्हीही."

"माझ्या तोंडाला फ्यूज आहे," काका म्हणाले.

मग विषय बदलावा म्हणून मी गिटारीबद्दल सांगू लागलो. हा नॉब कशाचा, ही कळ कशाची. सासऱ्यांनी चष्मा लावून हिरवीच्या कळेवरचं 'जंगली कुत्रा' वाचलं आणि परत वाचलं. "हे अधिकृत आहे?" त्यांनी विचारलं. मी दांडी दाखवली. म्हणालो, "ही धरा, मी तार छेडतो." बोलता बोलता त्यांनी उजवा हात खिशातून काढून दांडीवर ठेवला. मी तार छेडली.

खोलीत असा काही सूर घुमला की फ्यूजकाकांनी खबरदारी म्हणून स्विचवर ठेवलेला हात काढला. माझ्या हातून नुसतं 'टंग' निघायचं. त्या जागी एक लांब, हळुवार, लहरत जाणारा आवाज निघाला. पाण्यावर दिव्याचा उजेड हलावा तसा.

सासऱ्यांच्या लक्षात आलं की हात दिसतोय. त्यांनी तो मागे घेतला. मी उगाचच वायर तपासायला वाकलो.

"हे असं हलायलाच हवं असतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"दांडी त्यासाठीच असते बाबा. लोक मुद्दाम हात हलवायला शिकतात. मला अजून जमलं नाही."

"तुम्हाला जमत नाही?"

"मुळीच नाही. माझा हात म्हणजे लाकूड."

शिक्षकाला ढ विद्यार्थी समोर दिसल्यावर जी चमक डोळ्यांत येते, ती आली. त्यांनी कोट काढला, घडी करून ठेवला. "पुन्हा छेडा," ते म्हणाले. "आणि पाठ सरळ."

त्या दिवसापासून आमचा रोज तास सुरू झाला. बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि माझ्यानंतर घरी येते. ती यायच्या आधी आमचा तास आटोपायचा. मी तारा छेडायच्या, सासऱ्यांनी दांडी धरायची. फ्यूजकाका बोर्डाजवळ स्टुलावर बसायचे, मला झटका बसलाच तर मेन स्विच पाडायला. सासरे कडक होते. चुकलो की परत, परत चुकलो की उभं राहून परत. एकदा तर मला कोपऱ्यात, वाकड्या मानेच्या पांढरीशेजारी उभं केलं. पण हळूहळू एक साधी चाल आम्हाला जमू लागली. मी सूर लावायचो आणि ते त्याच्यात जीव घालायचे. दिवसा त्यांचा हात अजून खिशातच असायचा. तासाला मात्र तो बाहेर यायचा.

बायकोला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला दिसत होतं ते इतकंच, की बाबांच्या पायाचा अंगठा निळा झालाय आणि बाबा तक्रार करत नाहीत. तिने गिटारी विकायचा निर्णय घेऊन टाकला. एके दिवशी ती लॅबमधून लवकर निघाली आणि बरोबर एका गृहस्थांना घेऊन आली. हे गृहस्थ खरे संग्राहक होते. बंद खोलीत, ठरावीक तापमानात, काचेआड गिटारी ठेवणारे. त्यांना आमच्या पाचही एकदम हव्या होत्या.

तिने किल्लीने दार उघडलं, आमच्या खोलीचं दार ढकललं, आणि तिथेच थांबली. आत मी, रबरी चपला आणि रबरी मोज्यात. बोर्डाशी फ्यूजकाका, डोळे मिटून मान डोलावत. आणि खुर्चीत तिचे बाबा, बाह्या दुमडलेल्या, उजवा हात दांडीवर. हात थरथरत होता आणि त्या थरथरण्यातून चाल निघत होती.

आम्ही तिला पाहिलं नव्हतं. आवाज आला तो संग्राहकांचा. ते हातात पांढरे मोजे चढवत पुढे आले होते. "अहो, अहो!" ते म्हणाले. "हात असा थरथरत ठेवला तर स्प्रिंग झिजते. जुना माल आहे हा. ज्याचा हात स्थिर नाही त्याने हात लावू नये."

चाल थांबली. सासऱ्यांनी हात उचलला आणि सावकाश खिशात घातला. ते उठले, बाह्या सोडल्या, एक एक बटण लावायला लागले, डाव्या हाताने. ती बटणं काही केल्या लागेनात.

मला काहीतरी बोलायचं होतं. मी मोजा काढायला लागलो, तो निघेना. फ्यूजकाकांनी घाबरून मेन स्विचच पाडला. अर्धवट अंधारात बायकोचा आवाज आला, अगदी शांत. लॅबमध्ये रिपोर्ट देताना ती असा आवाज लावते.

"तुम्ही चहा घेणार, का लगेच निघणार?"

"मी? पण व्यवहार—"

"गिटारी विकायच्या नाहीत. वाजवणारी माणसं घरात आहेत."

"पण ही दांडीसुद्धा मूळची नाही, दुसरीची आहे..."

"आमच्या घरात कुठलीच गोष्ट मूळची नाही. चहा?"

ते गृहस्थ मोजे काढत निघून गेले. जिन्यात त्यांचं काहीतरी पुटपुटणं ऐकू येत राहिलं. मग ती माझ्याकडे वळली. अंधारातही तिचे डोळे मला दिसले.

"किती दिवस चाललंय हे? मला का नाही सांगितलंत? मी रोज विचार करतेय की बाबा इथे गुदमरताहेत, आणि तुम्ही दोघं—"

"मध्ये बोलू नये," सासरे म्हणाले. "तासाची वेळ आहे. भांडण तास संपल्यावर."

ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या बाहीचं बटण लावायला लागली. लावता लावता थांबली, आणि बाही परत दुमडून दिली. तिला हसू आवरत नव्हतं आणि दुसरंही काहीतरी आवरत नव्हतं. काका तेवढ्यात म्हणाले, "मेन चालू करू का?"

पुढच्या रविवारी गिटारी भिंतीवर टांगायच्या असं तिने ठरवलं, म्हणजे खाली पाय ठेवायला जागा होईल. सुतार दोन आठवडे मिळणार नव्हता. "मीच करते," ती म्हणाली. ड्रिल फ्यूजकाकांचं. जागाही त्यांनीच निवडली. भिंतीला कान लावून, बोटाने टकटक करून त्यांनी पेन्सिलीने फुली मारली. "इथे बिनधास्त मार. इथून एकही वायर जात नाही. छातीठोक सांगतो."

ते शंभर टक्के बरोबर होते. तिथून वायर जात नव्हती. तिथून पाण्याचा पाईप जात होता.

पहिल्याच भोकाला भिंतीतून अशी धार सुटली की समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर भिजलं. बायकोने ड्रिल टाकून भोकात अंगठा दाबला. "मी वायरीचं सांगितलं होतं!" असं ओरडत काका मेन पाडायला पळाले आणि तिथूनच प्लंबरला फोन लावायला खाली गेले. मी आणि सासऱ्यांनी पाचही गिटारी एकेक करून पलंगावर चढवल्या, अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर ठेवला. अंगठ्याच्या कडेने पाणी येतच राहिलं आणि खोलीत घोट्याइतकं साचलं. पाणी बंद करायच्या चाव्या गच्चीवर, गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी बाहेरगावी. प्लंबर म्हणाला, येतो. येतो म्हणजे कधी, ते त्यालाही ठाऊक नसावं.

बायको भिंतीला टेकून उभी. अंगठा भोकात, कोपरावरून पाणी गळतंय, केस कपाळाला चिकटलेले. मी तिच्यासमोर अपराधी चेहरा करून उभा राहिलो. माझा तो चेहरा आता कायमचाच आहे.

"असे बघत काय बसलात?" ती म्हणाली. "मला इथून हलता येत नाही. तोवर वाजवा ना काहीतरी."

"वीज नाहीये गं. आवाज येणार नाही."

"जवळ आलात तर येईल. मी अजून नीट ऐकलेलंच नाही."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी आपली खुर्ची त्या पाण्यातून फरफटत भिंतीपाशी नेली, अगदी तिच्या शेजारी. मीही स्टूल ओढलं आणि हिरवी मांडीवर घेतली. सासऱ्यांनी पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले, पाठ सरळ केली, आणि मुलीच्या देखत हात दांडीवर ठेवला.

"दुसरी तार, जावईबापू," ते म्हणाले. "आणि चुकू नका. मुलगी ऐकतेय."